मर्यादित आवृत्ती, आकाशी रंग

औलिस रान्तालाने आयुष्यभर मिक्केली गावातल्या लोकांना मोटार चालवायला शिकवलं. डावीकडे घ्या, आरशात बघा, क्लच हळू सोडा, ब्रेक, ब्रेक, ब्रेक. निवृत्त झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एवढे शब्द वजा केले तर आपल्याजवळ बोलायला फारसं काही उरत नाही. त्याची बायको रायली हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत आली होती. अशा माणसाला छंद लागणार तो दुसऱ्याने गावं आणि आपण गप्प बसून ऐकावं असाच. औलिसला रेकॉर्डचा नाद लागला.

तसा तो नाद जुनाच. सीडी आल्या तेव्हा गावातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी आपापल्या तबकड्या कवडीमोलाने काढून टाकल्या, आणि औलिस तेव्हा शहाणाच होता. आईच्या तबकड्यांचं खोकं त्याने जुन्या बाजारात एका माणसाला देऊन टाकलं, वर त्याच्या गाडीपर्यंत उचलूनही नेऊन दिलं. आता त्याच तबकड्या नव्याने निघत होत्या, आणि एकेकीची किंमत अशी, की पूर्वी तेवढ्यात अख्खं खोकं आलं असतं. औलिस तरी घेतच होता, कारण दुकानातल्या दाढीवाल्या विक्रेत्याने त्याला सांगितलं होतं, की रेकॉर्डचा आवाज उबदार असतो. फिनलंडच्या फेब्रुवारीत कुणी काही उबदार आहे म्हटलं, की माणूस पुढची चौकशी करत नाही.

चौकशी केली असती तर बरं झालं असतं. कोऱ्या करकरीत तबकड्या पहिल्याच फेरीला कढईत मोहरी टाकल्यासारख्या तडतडायच्या. एकीचं भोक मधोमध नव्हतं, त्यामुळे तिच्यावरचा गायक नावेत बसून गातोय असं वाटायचं. पूर्वी एका तबकडीवर मावणारी गाणी आता दोन जाड तबकड्यांवर पसरलेली असत, म्हणजे औलिस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच बाजू संपायची आणि त्याला उठावं लागायचं. रायली म्हणायची, की डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलं होतं, त्याची सोय झाली. ती स्वतः गाणी ऐकायची ती स्वयंपाकघरात कणीक मळताना, फोनवर. फोनचा आवाज पुरत नसे म्हणून तो स्टीलच्या खोलगट भांड्यात उभा करून ठेवायची. तेवढ्याने घरभर ऐकू जायचं. औलिस त्या वेळी दिवाणखान्याचं दार लावून घ्यायचा.

हा सगळा भक्तिभाव ज्या एका माणसापायी होता, तो माणूस त्याच जिन्यावर दुसऱ्या मजल्यावर राहत होता आणि त्याला याची काडीचीही कल्पना नव्हती. त्यांचं नाव कौको नुप्पोला. आता ऐंशीला टेकलेले, नगरपालिकेच्या पाणीखात्यातून कधीचे निवृत्त झालेले, एकटे राहणारे. पण तरुणपणी, एका उन्हाळ्यापुरते, कौको नुप्पोला टँगोची गाणी गायचे. तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपात गायचे, आणि त्याच वर्षी त्यांची एकच एक तबकडी निघाली होती, 'लव्हाळ्यातला वारा'. ती फारशी खपली नाही. पुढे कौकोंनी गाणं सोडलं आणि गावाच्या पाण्याचे पाइप सांभाळले.

कौको या इमारतीत राहायला आले त्या दिवशी औलिसने दारावरच्या पाटीवर नाव वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. तेव्हापासून कित्येक वर्षं तो त्यांना जिन्यात भेटत होता आणि मान हलवत होता. कौकोही मान हलवत. आपल्याकडे शेजारधर्म म्हणतात तो एवढाच असतो, आणि बहुतेकांना तो पुरतो. औलिसला मात्र त्या मानेमागे एक वाक्य अडकलेलं होतं. ते वाक्य फार मोठं नव्हतं. तुमचं गाणं मला फार आवडतं, एवढंच. पण ते बाहेर काढायला जे लागतं ते त्याच्याजवळ नव्हतं, आणि दर वर्षागणिक ते वाक्य जास्त जड होत चाललं होतं. दहा वर्षं मान हलवल्यावर अकराव्या वर्षी एकदम असं काही बोलणं म्हणजे वेडाचंच लक्षण.

अशात, मागल्या उन्हाळ्यात, हेलसिंकीच्या एका लहानशा कंपनीने जाहीर केलं, की 'लव्हाळ्यातला वारा' नव्याने काढतोय. मर्यादित आवृत्ती, तीनशे प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, आकाशी रंगाची पारदर्शक तबकडी, एका ग्राहकाला एकच. औलिसने जाहिरात वाचली आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. फेब्रुवारीत कौकोंचा ऐंशीवा वाढदिवस होता. सोसायटीच्या क्लबरूममध्ये कॉफी ठेवायचं चेअरमन या नात्याने त्यानेच ठरवलं होतं. त्या दिवशी रेकॉर्ड प्लेअर खाली न्यायचा, तबकडी लावायची, आणि गाणं संपल्यावर ती उचलून कौकोंच्या हातात द्यायची. बस. बोलायची गरजच नाही. ते अडकलेलं वाक्य तबकडीच बोलून टाकणार होती.

"फोनवर आहे की हे गाणं," रायली म्हणाली आणि लावूनही दाखवलं. पहिले दोन सूर वाजले तेवढ्यात औलिस कानांवर हात ठेवून गॅलरीत पळाला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकायचं ते असं डब्यातून ऐकायचं नव्हतं त्याला. रायलीने काचेच्या दारातून त्याला बराच वेळ निरखलं आणि फोन बंद केला.

तबकडी सप्टेंबरात येणार होती. सप्टेंबरात पत्र आलं, की कारखान्यात गर्दी आहे, नोव्हेंबर. नोव्हेंबरात पत्र आलं, की आवरणाच्या कागदाचा खोळंबा आहे, जानेवारी. तोवर एका हुशार माणसाने, हातात प्रत नसताना, आपली येणारी प्रत चौपट किमतीला विकायला काढली होती. जानेवारीत काही आलं नाही, पत्रही नाही. वाढदिवस शनिवारचा, आणि त्या आठवड्याच्या मंगळवारी एकदाचं पार्सल आलं. क्रमांक दोनशे सतरा.

औलिसने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि तबकडी बाहेर काढली. काय तिचा रंग. उजेडात धरली तर पलीकडची खिडकी दिसत होती. मध्यभागी गोल चिकटवलेल्या कागदावर सव्वीस वर्षांचे कौको, डोक्यावर केसांचं जंगल. औलिसने ती प्लेअरवर ठेवली. तबकडी वाकडी होती. वाकडी म्हणजे एका बाजूने चांगली दोन बोटं वर उचललेली. फिरायला लागली की सुई डोंगर चढल्यासारखी वर जायची आणि माथ्यावरून थेट पुढच्या गाण्यात उडी मारायची. कौको एक शब्द गायचे आणि गायब व्हायचे.

त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, एवढं मात्र खरं. थोडासा वाकडेपणा हा या माध्यमाचा स्वभाव असून तो मान्य मर्यादेत आहे. बदलून द्यायला प्रत शिल्लक नाही. तबकडी परत करायची असल्यास ती न उघडलेली असावी. न उघडता ती वाकडी आहे हे कळणार कसं, हे औलिसने विचारलं नाही, कारण रागाने त्याला अक्षरं दिसत नव्हती.

"तुलाही मी तसाच मान्य मर्यादेत धरलाय," रायली म्हणाली. पण त्याचं तोंड पाहून तिने पुढचं गिळलं. त्याच्यासाठी हे नुसतं गाणं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. शनिवार हातचा गेला तर हा माणूस पुन्हा धीर करणार नाही, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला किती वाट बघायला लावायची यालाही काही मर्यादा असते.

मग औलिस रेकॉर्डवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर गेला. तिथे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर औषध सांगणारे असतात, त्यातल्या एकाने लिहिलं होतं: वाकडी तबकडी दोन जाड काचांमध्ये ठेवावी, मंद उष्णता द्यावी, हळूहळू थंड होऊ द्यावी, सरळ होते. ओव्हन वापरू नये, तो फार तापतो. मंद उष्णता, मग हळूहळू थंड होणारी लाकडी खोली. औलिसने ते दोनदा वाचलं. जगातल्या बाकीच्या लोकांना अशी खोली कुठून आणायची हा प्रश्न पडत असेल. त्याला पडला नाही. ती त्याच्या इमारतीच्या तळघरातच होती.

सोसायटीचा सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली; प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास. औलिस-रायलीचा तास गुरुवारी पाच ते सहा. त्यानंतर सहा ते सात बारा नंबरच्या कुटुंबाचा, आणि ते एप्रिलपर्यंत स्पेनमध्ये होतं. म्हणजे सहा वाजता भट्टी बंद, दार बंद, आणि पुढे तासभर खोली आपली आपण निवत जाणार. औलिसला वाटलं, हा योग आपल्यासाठीच जुळून आलाय.

बुधवारी एक गोष्ट घडली. औलिस मोठ्या काचा शोधत जिन्यावरून उतरत होता आणि समोरून कौको आले. औलिसने मान हलवली. कौकोंनी मान हलवली नाही. ते थांबले आणि बोलले. चांगलं लांबलचक वाक्य बोलले, त्यात गुरुवार होता, मुलगी होती, ओउलूहून येणारी गाडी होती. औलिसने त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. तो आवाज ऐकत होता. वयाने जरा खरवडलेला, पण तोच, शब्दाच्या शेवटी किंचित खाली बसणारा. "चालेल ना?" कौकोंनी विचारलं. "चालेल, चालेल, अवश्य," औलिस म्हणाला आणि तसाच तरंगत वर परत गेला. काचा आणायच्या राहिल्याच. शेवटी त्याने फ्रिजमधल्या दोन काचेच्या फळ्या काढल्या, आणि फळ्यांवरचं दूध, लोणी, लोणच्यातले मासे गॅलरीतल्या बर्फावर मांडून ठेवले.

गुरुवारी रायली आंघोळ उरकून वर गेल्यावर औलिसने खोली जरा निवू दिली, दोन काचांमधली तबकडी सर्वांत वरच्या बाकावर ठेवली, भट्टी बंद झाल्याची खात्री केली आणि दार लोटून घेतलं. वर येऊन तो कॉफी घेत बसला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की रायलीने विचारलं, "कोण पास झालं?"

तेवढ्यात भिंतीतल्या पाइपातून पाणी वाहिल्याचा आवाज आला. तळघरात कुणीतरी नळ सोडला होता.

"या वेळी कोण?" औलिस म्हणाला.

"कौको असणार," रायली म्हणाली. "उद्याच्या ऐवजी आज सहाचा तास हवा म्हणाले होते ना. उद्या मुलगी येतेय त्यांची. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, चेअरमननी परवानगी दिलीय."

औलिस एका पायात चप्पल घालून तळघरात पोचला. आणि दारापाशी थबकला. दारावर पाटी होती: दुसऱ्याच्या वेळेत दार वाजवू नये, उघडू नये, हाक मारू नये. खाली सही, औलिस रान्ताला, अध्यक्ष. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण विसरलेला साबण न्यायला एकदा मध्येच आत शिरला होता, त्यावर सभेत दीड तास चर्चा होऊन ही पाटी लागली होती. आणि ती नसती तरी काय. या देशात माणूस दुसऱ्याच्या घराला आग लागली तर दार वाजवील, पण दुसऱ्याच्या सौनाच्या वेळेत नाही वाजवणार.

आतून तापलेल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. मंचावरच्या माणसाने लिहिलं होतं, साठ अंशांच्या वर जाऊ नये. कौकोंच्या पिढीची माणसं नव्वदच्या खाली सौनाला सौना म्हणत नाहीत, म्हणजे भट्टी त्यांनी पुन्हा लावलीच असणार. पुन्हा चर्र. औलिसने हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. घशात जुने शब्द येत होते, ब्रेक, ब्रेक, पण ते आपल्या शेजारच्या सीटवरच्या माणसाला म्हणायचे असतात. तिसऱ्यांदा पाणी पडलं तेव्हा त्याने कपाळ दारावर टेकलं, आणि त्या एवढ्याशा आवाजाने आतून कौकोंनी विचारलं, "कोण आहे?"

"मी. रान्ताला. चार नंबर."

"मग आत या. दाराशी उभं राहून ऊब घालवू नका."

आत जायचं म्हणजे कपडे काढून जायचं, त्याला इलाज नाही. बाहेरच्या खोलीत कपडे काढताना त्याला दिसलं, की फ्रिजच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकवून नीट उभ्या केल्या आहेत. दोन्हींच्या मध्ये काही नव्हतं.

वरच्या बाकावर कौको बसले होते, लालबुंद, सुखी. त्यांच्या शेजारी एक जास्तीची रिकामी बादली होती, आणि बादलीच्या तोंडावर, मध्ये खोल खोल आत उतरलेली, कडेने झालरीसारखी वळलेली, आकाशी रंगाची एक वस्तू.

"ते..." औलिस म्हणाला.

"ते झाकण होय. कुणीतरी दोन काचांच्या मध्ये घालून इथे ठेवलं होतं. गरम काचेवर पाणी उडालं असतं तर तडकली असती, म्हणून काचा बाहेर ठेवल्या आणि झाकण बादलीवर ठेवलं. पण अगदीच स्वस्तातलं दिसतंय. बसल्या जागी वितळलं."

"स्वस्तातलं नाहीये," औलिस म्हणाला. "झाकणही नाहीये."

"मग काय आहे?"

"ते तुम्ही आहात."

कौको पळी हातात धरून थांबले. सौनात चष्मा घालत नाहीत. त्यांनी वाकून ती वस्तू डोळ्यांजवळ आणली, तळाशी चिकटलेल्या गोल कागदाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"एवढे केस होते मला?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तबकड्या काळ्या असतात."

"ही आकाशी आहे. मर्यादित आवृत्ती."

"मर्यादा कुणी घातली?"

"कंपनीने. तीनशेच काढल्या."

"आम्ही पाचशे काढल्या होत्या," कौको म्हणाले. "कुणी मर्यादा घातली नव्हती. तरी दोनशेच खपल्या."

यावर हसावं की रडावं हे औलिसला कळेना. शनिवारचा बेत संपला होता. जे त्या तबकडीने बोलायचं होतं ते बादलीच्या तोंडावर वितळून बसलं होतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस हाताच्या अंतरावर उघडाबंब बसला होता. इथून उठून गेलं तर पुन्हा आयुष्यभर मान हलवणं. औलिसने मनातल्या मनात आरशात पाहिलं, क्लच हळू सोडला आणि बोलायला लागला.

"मी बारा वर्षांचा होतो. काकांच्या नावेत बसलो होतो, तुम्ही तळ्याच्या पलीकडे मंडपात गात होता. मासे पकडायचे सोडून काका ऐकत बसले, आणि काकांना गाणं अजिबात कळायचं नाही. मग आईने तबकडी आणली. मी ती झिजवली. आणि तिसऱ्या कडव्याला तुम्ही..."

कौकोंचा चेहरा उतरला. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या कडव्याला मी वाद्यांच्या आधी शिरलो. अर्धा ठोका. बँडमास्तरांनी असं पाहिलं माझ्याकडे. पुन्हा वाजवून घ्यायला पैसे नव्हते, तसंच छापलं. त्यानंतर मी ती तबकडी घरात ठेवली नाही. वाटायचं, कुणी ऐकलं की पहिलं तेच ऐकणार. आज पन्नास वर्षं झाली, तेवढं सोडून मला त्यातलं काही आठवत नाही."

"मी तेवढ्यासाठीच ऐकायचो," औलिस म्हणाला.

कौकोंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी थांबणारा माणूस आहे," औलिस म्हणाला. एवढं सलग तो कधी बोलला नव्हता, आणि आता त्याला थांबता येत नव्हतं. "वाद्यं संपतील, मग बोलू, म्हणून मी वाट बघतो, आणि वेळ निघून जाते. तुम्ही थांबला नाहीत. वाद्यं बिद्यं काही नाही, तुम्ही शिरलात. मला वाटायचं, या माणसाला राहवलं नाही. रायलीला मी लग्नाचं विचारलं ते त्या जागेच्या जोरावर. अर्धं तिनेच विचारलं, पण सुरुवात माझी. मला तुमचं गाणं फार आवडतं. मी ते इतकी वर्षं सांगणार होतो."

लाकूड चुरचुरत होतं. कौकोंनी टॉवेलने तोंड पुसलं, आणि घाम पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसलं.

"म्हणजे लोकांना कळलं होतं तर," ते शेवटी म्हणाले.

"मला कळलं होतं. आणि तीच जागा चांगली आहे."

कौकोंनी पळी त्याच्या हातात दिली. "घे," ते म्हणाले. "पाणी तू टाक." आपला तास, आपली भट्टी आणि आपली पळी दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. औलिसने पाणी टाकलं, जरा जास्तच टाकलं, आणि दोघेही माना खाली घालून बसून राहिले.

शनिवारी क्लबरूम भरली होती. औलिसने प्लेअर खाली नेला नाही. टेबलावर केक होता, कॉफी होती, आणि मधोमध रायलीने भाजलेले वेलदोड्याचे गोड पाव आकाशी रंगाच्या एका पारदर्शक, झालरदार भांड्यात ठेवले होते. भोकावर तिने नक्षीचा कागद घातला होता. चौथ्या मजल्यावरच्या हिल्क्काबाई, ज्यांच्या घरात साधा चमचाही कुणा नामवंताने रेखाटल्याखेरीज शिरत नाही, त्या भांड्याभोवती दोनदा फिरल्या.

"कुणाचं आहे हे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नुप्पोला," औलिस म्हणाला.

"वाटलंच. रेषा बघा ना त्याची. कितीला पडलं?"

औलिसने तबकडीची किंमत सांगितली, पोस्टेजसकट.

"काहीच नाही मग," हिल्क्काबाई म्हणाल्या. "अजून मिळतात?"

"नाही. मर्यादित आवृत्ती आहे."

त्यांनी हळहळून मान हलवली. औलिसला त्या तबकडीचं एवढं कौतुक करणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

पाव संपले तेव्हा कौकोंच्या मुलीने म्हटलं, की बाबांनी एकदा तरी काहीतरी म्हणून दाखवावं. कौको म्हणाले, की माझा आवाज पाइपांत गेला. सगळे हसले आणि मग शांतता पसरली, तशी ती आमच्या समारंभात पसरतेच आणि मग उठून जाणंच तेवढं उरतं. रायलीने नवऱ्याकडे पाहिलं. औलिसने मान हलवली. तिने पर्समधून फोन काढला, नक्षीचा कागद उचलला, चुरा झटकला आणि कणीक मळताना ठेवते तसा फोन त्या आकाशी भांड्यात उभा केला.

'लव्हाळ्यातला वारा' वाजायला लागला. भांड्याच्या पोटातून आवाज गोल होऊन वर येत होता आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. औलिस कान देऊन ऐकत होता. दाढीवाल्या विक्रेत्याने सांगितलं होतं ते खरं होतं, आवाज उबदार होता. हे रायलीला कधीही सांगायचं नाही असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

दुसरं कडवं संपलं. वाद्यं वळण घेऊन पुढे निघाली. कौको खुर्चीत ताठ झाले, त्यांनी टेबलाची कड धरली, आणि खोलीतल्या कुणालाही कळलं नाही, की आता काय येणार आहे. औलिसला कळलं होतं. त्याने कौकोंकडे पाहिलं. कौकोंनी त्याच्याकडे पाहिलं, टेबलाची कड सोडली, आणि त्या सव्वीस वर्षांच्या पोराबरोबर, वाद्यांच्या अर्धा ठोका आधी, तेही आत शिरले.